कबुलीच्या मागावर: कोल्हापूर ते लिस्बन

लिस्बनच्या रोसियू चौकात पाऊल टाकलं की आधी जमीनच लक्ष वेधून घेते. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा चौकभर अशा मांडल्या आहेत, की उभ्या माणसालाही आपण हलतोय असं वाटावं. दोन कारंजी, मधोमध उंच खांबावर राजा पेद्रू चौथा, आणि उत्तरेला सहा खांबांची देखणी दर्शनी बाजू असलेलं राष्ट्रीय नाट्यगृह. त्याच्या माथ्यावर जिल व्हिसेंत या आद्य नाटककाराचा पुतळा. मी गेले त्या संध्याकाळी समोरच्या कठड्यांवर कॉलेजची पोरं गप्पा मारत बसली होती, आणि तिकीट खिडकीपाशी लोक प्रयोगाच्या वेळेची वाट पाहत होते.

मी कोल्हापूरहून एवढ्या लांब आले ती हीच जागा पाहायला. नाट्यगृह आज उभं आहे तिथं पूर्वी इश्ताउश राजवाडा होता, आणि सोळाव्या शतकापासून पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायासनाचं, मुख्य ठाणं त्या राजवाड्यात होतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो ढासळला, पुन्हा बांधला गेला, १८३६ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि १८४६ मध्ये तिथं हे नाट्यगृह उघडलं. कोठड्या आणि चौकशीच्या खोल्या सगळ्या पुसल्या गेल्या. शेजारच्या सांव दोमिंगुश चर्चसमोर मात्र १५०६ मध्ये जमावानं केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचं एक छोटं दगडी स्मारक आहे, आणि जवळच्या भिंतीवर 'लिस्बन, सहिष्णुतेचं शहर' हे शब्द अनेक भाषांत लिहिले आहेत. ते वाचताना मला भरून आलं. आपल्याच पूर्वजांच्या पापाची जागा चौकातच दाखवायला एखाद्या शहराला मोठं मन लागतं.

मी फौजदारी कामं चालवते. कबुलीजबाब, रिमांड, पंचनामा, मुद्देमाल हे माझे रोजचे शब्द. आरोपीनं गुन्हा कबूल केला असं कागदावर वाचलं, की तो कसा कबूल केला असेल हा प्रश्न आपोआप मनात येतो. त्या प्रश्नाचा माग काढत मी गोव्याच्या इतिहासात शिरले. तिथं कळलं, की अडीचशे वर्षं गोव्यात ज्या न्यायासनानं कबुल्या काढल्या, त्याचं वरिष्ठ मंडळ या चौकात बसत होतं.

गोव्याचं न्यायासन १५६० मध्ये स्थापन झालं. त्यासाठी जुन्या गोव्यातला आदिलशाहीचा जुना वाडा घेतला. लोक त्याला ओर्लें घर, म्हणजे थोरलं घर, म्हणत. आज सें कॅथेड्रलच्या परिसरात त्या वाड्याचं जोतंही दिसत नाही. १५६१ ते १७७४ या काळात तिथं सोळा हजारांवर माणसांवर खटले चालले. त्यातली बरीचशी साधी, नव्यानं बाटलेली कुटुंबं होती. घरात जुनी चाल पाळली, लपून पूजा केली, हाच त्यांचा गुन्हा. १७३६ च्या फर्मानात तर अंगणात तुळस लावणं, लग्नातली जुनी गाणी म्हणणं आणि पुडवें, म्हणजे धोतर, नेसणं यांवरही बंदी आली. गोव्यातलं बहुतेक दफ्तर पुढं जाळून टाकण्यात आलं. त्यामुळं कुणाच्या तोंडून काय वदवून घेतलं, हे आपल्याला त्यांच्याच कागदांतून आता कधी कळणार नाही.

एक साक्षीदार मात्र उरला. चार्ल्स देलाँ नावाच्या तरुण फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडलं आणि पुढच्या वर्षी गोव्याला आणून थोरल्या घरात कोंडलं. दोन वर्षं तो तिथं होता. निराशेनं त्यानं जीव द्यायचाही प्रयत्न केला. १६७५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात रोज सकाळी चौकशीच्या खोलीतून येणाऱ्या किंकाळ्या आपण ऐकल्या, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. जानेवारी १६७६ मध्ये शिक्षा सुनावून त्याला सक्तमजुरीसाठी लिस्बनला धाडलं. सुटताना प्रत्येक कैद्याकडून, आत पाहिलं-ऐकलं ते बाहेर बोलणार नाही, अशी शपथ घेतली जाई. देलाँनं ती मोडली आणि १६८७ मध्ये पुस्तक छापलं. त्या पुस्तकानं युरोपभर गोव्याचं नाव गाजलं, आणि ते फार वाईट अर्थानं गाजलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या भागातल्या तोर्रे दु तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्रा इथल्या न्यायासनांची सुमारे चाळीस हजार प्रकरणं इथं जपली आहेत. लिस्बनची बरीच प्रकरणं आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या कुणालाही उघडता येतात. मी त्यातली काही पानं पाहिली. लिपी समजत नव्हती, भाषाही जेमतेम. तरी पान पाहिल्याबरोबर ओळख पटली, कारण ते कोर्टाचं पान होतं. डाव्या बाजूला सोडलेला समास, तारखेनं सुरू होणारा मजकूर, शेवटी सह्या. तपकिरी पडलेल्या शाईत कारकुनाचं अक्षर शेवटपर्यंत एकसारखं चाललेलं.

मला सर्वांत मोठा धक्का बसला तो या टापटिपीचा. यातना म्हणजे संतापलेल्या शिपायाची मारहाण, अशी माझी कल्पना होती. इथं तर सगळं नियमानं चाले. आधी न्यायाधीशांनी ठराव करायचा. मग आरोपीला आत आणून हत्यार दाखवायचं. पोर्तुगालमध्ये मुख्यतः दोन प्रकार होते. पोत्रू म्हणजे एक बाकडं. त्यावर माणसाला निजवून दंड-मांड्यांना दोऱ्या बांधायच्या आणि लाकडी दांड्यानं पीळ देत त्या आवळायच्या. पोले म्हणजे कप्पी. हात पाठीमागं बांधून दोरानं माणसाला वर ओढायचं आणि खाली सोडायचं. खोलीत वैद्य हजर असे, शस्त्रवैद्यही असे. हे शरीर आणखी किती सोसेल, हे सांगण्यासाठी. सुरू करण्यापूर्वी आरोपीला बजावलं जाई, की यात तू मेलास किंवा तुझा अवयव मोडला, तर दोष तुझा, कारण सत्य सांगायला तू नकार दिलास. आणि कोपऱ्यात बसलेला कारकून सगळं टिपून घेई: बांधलं, आवळलं, काय ओरडला, काय बोलला. नंतर काही तासांनी वा दिवसांनी, त्या खोलीबाहेर आणून, कबुली पुन्हा वदवून घ्यायची. मग ती 'स्वेच्छेची' ठरे. माणूस तिथं फिरला, तर खोली पुन्हा तयारच.

शिकले-सवरलेले, देवभीरू, कायद्याचे पंडित असलेले लोक हे करत होते, आणि आपण न्याय करतो आहोत अशी त्यांची श्रद्धा होती. या गोष्टीचा अर्थ लावता लावता मला त्या काळच्या पुराव्याच्या कायद्यापाशी यावं लागलं.

मध्ययुगीन युरोपात आधी देवाचा कौल घेत. तापलेलं लोखंड उचलायला लावायचं, पाण्यात टाकायचं. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनं पाद्र्यांना अशा कौलात भाग घ्यायला मनाई केली. देवाची साक्ष गेली, तिच्या जागी काय आणायचं? रोमन कायदा शिकलेल्या पंडितांनी काटेकोर नियम घातला: देहान्त शिक्षा द्यायची तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पाहिजेत, नाहीतर आरोपीची कबुली पाहिजे. परिस्थितीजन्य पुरावा कितीही भक्कम असला तरी पुरा धरायचा नाही. नियम केला होता निरपराध माणसाला वाचवायला. पण अंधारात झालेल्या खुनाला दोन साक्षीदार कुठून आणायचे? मग उरली कबुली, आणि कबुली मिळवायला दोरी. १२५२ मध्ये पोप इनोसंट चौथा यानं पाखंड्यांच्या चौकशीत यातनेला अधिकृत परवानगी दिली. इंग्लंडनं वेगळी वाट धरली. तिथं ज्यूरीची मनं पटली की पुरे, कबुलीची सक्ती नव्हती. म्हणून तिथं यातना राजाच्या खास हुकमापुरतीच राहिली आणि असा शेवटचा हुकूम १६४० मध्ये निघाला.

आपल्याकडेही दिव्य होतंच. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत रवादिव्य चाले. उकळत्या तेला-तुपात धातूचा रवा टाकायचा, वादीनं तो हातानं बाहेर काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी गोतासमोर ती उघडून हात पोळला की नाही ते पाहायचं. हा प्रकार उघड्यावर, चारचौघांच्या साक्षीनं होई आणि पुष्कळदा पक्षकार तो स्वतः मागून घेत. थोरल्या घराच्या बंद खोलीहून तो एवढा तरी वेगळा होता. तरी सत्य माणसाच्या कातडीला विचारायचं, हे दोन्हीकडं सारखंच. आणि बंद खोल्या आपल्याकडं नव्हत्या असंही नाही. १७९१ मध्ये पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत दाक्षिणात्य ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहर पेटून उठलं, हे मराठी माणसाला सांगायला नको.

मग हे बंद कसं झालं? मिलानचा बेक्कारिया हा सव्वीस वर्षांचा तरुण. गुन्हे आणि शिक्षा यांवरचं त्याचं छोटं पुस्तक १७६४ मध्ये निघालं. त्यानं साधा हिशोब मांडला: यातनेत दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराधी अडकतो, म्हणजे ही परीक्षा सत्याची नव्हेच, स्नायूंची आहे. प्रशियाच्या फ्रेडरिकनं त्याआधीच, १७४० मध्ये, गादीवर येताच काही अपवाद ठेवून यातना बंद केली होती. ऑस्ट्रियानं १७७६ मध्ये, फ्रान्सनं १७८० आणि १७८८ अशा दोन टप्प्यांत, रशियानं १८०१ मध्ये ती मोडीत काढली. शाळेत आपण याचं श्रेय प्रबोधनयुगाच्या विचारवंतांना देतो, आणि त्यांना ते द्यायलाच हवं. पण अमेरिकन कायदेपंडित जॉन लँगबाइन यांनी १९७७ च्या ग्रंथात आणखी एक कारण दाखवलं, आणि वकील म्हणून मला ते फार पटलं. सोळाव्या-सतराव्या शतकांपासून न्यायाधीशांना नव्या शिक्षा मिळाल्या: गलबतावरची मजुरी, कामाचे तुरुंग, हद्दपारी. या शिक्षा पुऱ्या पुराव्याशिवाय, परिस्थितीवरून, देता येऊ लागल्या. कबुलीवाचून काम भागू लागलं. कबुलीची गरज आधी कमी झाली, आणि मग राजांना यातना रद्द करणं सोपं गेलं.

पोर्तुगालमध्ये १७७४ मध्ये राजाचा मंत्री पोंबाल यानं इन्क्विझिशनची नियमावली बदलून यातनेला आवर घातला आणि गोव्याचं न्यायासन बंदच केलं. तो सत्तेवरून गेल्यावर गोव्यात ते पुन्हा उघडलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. लिस्बनचं १८२१ मध्ये संपलं. १८२२ च्या पोर्तुगीज संविधानाच्या अकराव्या कलमानं यातना, चाबकाचे फटके आणि तापल्या लोखंडाचे डाग रद्द केले. रोसियूमध्ये उभं राहून हे कलम आठवताना मला समाधान वाटलं. वाटलं, गोष्ट इथं पूर्ण झाली.

पण त्याच चौकातून बाइशा भागातून चालत वर चढलं, की दहा-पंधरा मिनिटांत कॅथेड्रल लागतं. त्याच्या बाजूला, अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम घासून जाते त्या वळणावर, अल्जूब नावाची जुनी इमारत आहे. आधी चर्चचा तुरुंग, मग बायकांचा तुरुंग, आणि १९२८ पासून १९६५ पर्यंत राजकीय कैद्यांचा तुरुंग. २५ एप्रिल २०१५ रोजी तिथं प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय उघडलं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचे गुप्त पोलिस पकडलेल्या माणसाला आणून इथं ठेवत. पुढं त्या पोलिसांचं नाव पीडे झालं आणि ते नाव घेताना आजही म्हातारी माणसं आवाज उतरवतात.

संग्रहालयात एकांताच्या कोठड्या पूर्वीसारख्या मांडून ठेवल्या आहेत. मी एका कोठडीत जाऊन उभी राहिले. रुंदी जेमतेम एक मीटर, लांबी दोन मीटर. दोन्ही हात पसरू लागले तर कोपर वाकलेलेच राहिले आणि तळवे दोन्ही भिंतींना टेकले. भिंतीला एक फळी. ती झोपायला खाली केली की उभं राहायला जागाच उरत नाही. बाहेरचं दार लोटून घेतलं की दिवस की रात्र हे कळायला काही साधन नाही. चौकशीचा पीडेचा आवडता मार्ग दोरीचा नव्हता. माणसाला भिंतीशी तोंड करून पुतळ्यासारखं उभं करायचं, तासन्‌ तास, दिवसेंदिवस, आणि झोपू द्यायचं नाही. पाय सुजतात, भास होऊ लागतात, अंगावर खूण मात्र राहत नाही. मारियू सोआरिश आणि आल्व्हारू कुन्याल हे पुढं देशाचे मोठे नेते झालेले लोक याच इमारतीत राहून गेले.

संविधानात कलम लिहून शंभर-सव्वाशे वर्षं झाली होती. त्याच शहरात ते कलम कुणाच्या कामी आलं नाही. कारण राजवटीला पुन्हा कबुली हवी होती: नावं, पत्ते, छापखान्याची जागा. कबुलीला भाव आला आणि खोली पुन्हा उघडली.

इथं मला गोवा पुन्हा भेटला. कासिमिरो मोंतेरो हा गोव्यातला पोलिस अधिकारी. पन्नासच्या दशकात गोव्याच्या सत्याग्रहींना आणि क्रांतिकारकांना छळण्यात त्याचं नाव कुप्रसिद्ध होतं. गोवा मुक्त झाल्यावर तो पीडेत गेला. फेब्रुवारी १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देलगादो यांना स्पेनच्या सीमेवर सापळ्यात गाठून ठार मारलं, तेव्हा मारेकऱ्यांत हाच होता. वसाहतीतल्या लोकांवर जे हात चालवले, तेच शेवटी पोर्तुगीज जनरलवर उठले. परक्यावर चाललेली यातना परक्यापुरती राहत नाही.

काइश दु सोद्रे स्थानकातून तेजो नदीच्या काठानं जाणारी लोकल काशियशला थांबते. टेकाडावर जुना किल्ला, आणि त्यात अजूनही चालू असलेला तुरुंग. बाहेरून नुसत्या भिंती दिसल्या. तरी मी बराच वेळ तिथं उभी राहिले, कारण आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले मोहन रानडे या भिंतींआड होते. मूळचे ते मनोहर आपटे. मास्तर म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात शिरले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यात वर्षानुवर्षांचा एकांतवास. १९६० मध्ये त्यांना इथं आणलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे आतच राहिले, आणखी सात वर्षं. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत कोल्हापूरचे सुपुत्र सुधीर फडके पुढं होते. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपची भेट घेऊन त्यांच्यासाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. फडक्यांची, म्हणजे बाबूजींची, गाणी आपण घरोघरी ऐकतो. त्या आवाजाच्या माणसानं एका कैद्यासाठी एवढी वर्षं खर्ची घातली, हेही घरोघरी सांगितलं पाहिजे. पुढं २५ एप्रिल १९७४ ला लष्करी उठाव झाला, राजवट कोसळली आणि एक-दोन दिवसांत काशियशचे सगळे राजकीय कैदी बाहेर आले.

परतीच्या विमानात मी आपल्या कायद्याचा विचार करत होते. ब्रिटिश हिंदुस्थानात पोलिसांच्या मारहाणीचा बोभाटा झाला, मद्रासला १८५४-५५ मध्ये चौकशी आयोग बसला, आणि त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं आणि १८७२ च्या पुरावा कायद्यानं मोठं पाऊल उचललं: पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. हेच तत्त्व आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. युरोपच्या अनुभवातून पाहिलं तर हा नियम अगदी मर्मावर बोट ठेवणारा. कबुलीला भावच ठेवला नाही, तर ती मारून काढायची कशाला?

पण त्याच जुन्या कायद्यात, सत्ताविसाव्या कलमात, एक खिडकी राहिली. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून मुद्देमाल सापडला, तर तेवढी माहिती पुराव्यात येते. कोर्टात 'सत्तावीसचा पंचनामा' म्हणून जो रोज हजर होतो तो हाच, नव्या कायद्यात तो २३ व्या कलमाच्या परंतुकात आला आहे. चोरीचा माल, लपवलेलं हत्यार काढून दाखवलं की तपास फत्ते. म्हणून मार अजून कामाचा आहे. शिवाय १९९९ च्या मोक्का कायद्याखाली पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालते. त्याचं फळ काय मिळालं ते पाहा. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. खालच्या कोर्टानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या सगळ्यांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि ते छळ करून घेतल्याचं दिसतं, असं निकालात म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण एकोणीस वर्षांनीही ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाती काय आहे? यातनेनं आरोपीवर अन्याय होतोच, आणि ज्याचा मुलगा त्या डब्यात होता त्या बापावरही होतो.

आपल्या भागातलीच गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण पोलिस कोठडीत मेला. त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा आरोप पोलिसांवरच ठेवला गेला, त्यांना अटक झाली, सीआयडीनं आरोपपत्र दाखल केलं. कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत गोव्याला जाताना आपण घाटात धबधबा पाहायला थांबतो. मी आता तिथं थांबले की मला त्या तरुणाची आई आठवते.

आणि तरीही 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीनं गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत कौतुकानं छापलं जातं आणि आपण चहा पिता पिता ते वाचतो. चोर सापडला याचा आनंद होतो, खाक्या म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. तो बहुधा आपल्या घरातल्या मुलावर चालत नाही, म्हणून विचारत नाही. तो चालतो पारध्याच्या पोरावर, परगावच्या मजुरावर, ज्याला वकील परवडत नाही त्याच्यावर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची गावोगावची पोलिसी हजेरी बंद केली. जन्मावरून माणूस संशयित ठरवायचा नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हुकूम काढून सांगितलं. त्यांच्याच शहरात आपल्याला ते पुन्हा सांगावं लागतं, ही मला दुःखाची गोष्ट वाटते.

उपाय हवेत बोलायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा कागद, नातेवाइकांना कळवणं, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात कोठडीसह सगळीकडं सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ नेणं बंधनकारक केलं आहे. ठसे, रक्त, मोबाइलच्या नोंदी वेळेवर गोळा झाल्या, प्रयोगशाळांना माणसं आणि पैसा मिळाला, तर तपास अधिकाऱ्याला पट्टा उचलायची गरज उरणार नाही. युरोपात यातना गेली ती कबुलीवाचून भागू लागल्यावर. आपल्याकडंही ती त्याच वाटेनं जाईल.

एक काम मात्र दिल्लीत अडलं आहे. यातनेविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८४ चा. पोर्तुगालनं तो १९८९ मध्ये मंजूर केला. भारतानं १४ ऑक्टोबर १९९७ रोजी त्यावर सही केली आणि अजून मंजुरी दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढं बारगळलं. विधी आयोगानं २०१७ मध्ये पुन्हा मसुदा करून दिला, तोही पडून आहे.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला आता कोठडीतल्या छळाविरुद्ध दाद मागायला मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. तेव्हा शेजारच्या कुणाला अटक झाली, तर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं केलं का ते विचारा. वैद्यकीय तपासणीचा कागद मागा, ठाण्यातलं चित्रीकरण जपून ठेवा असा अर्ज द्या. आणि आपल्या खासदाराला एक पत्र लिहा: १९९७ ची सही पूर्ण करा, यातनेविरुद्धचा कायदा मंजूर करून घ्या. पत्र मराठीत चालतं, आणि त्याला वकील लागत नाही.